मजकूर नाही

"कुमुद, हे काय आहे?"

रणनवरे सरांनी माझं पान दोन बोटांच्या चिमटीत धरून हवेत हलवलं.

"पान आहे, सर. एकशे पाचवा भाग."

"ते मलाही दिसतंय. मजकूर कुठाय?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. या भागात कोणी बोलत नाही."

सरांनी चष्मा काढला. सरांनी चष्मा काढला की समोरच्यानं गप्प बसायचं, असा आमच्या ऑफिसातला रिवाज होता. मी बसले नाही. आठवडाभर माझं डोकं तापलेलं होतं आणि ते थंड व्हावं अशी माझी इच्छाही नव्हती.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. कोल्हापूरचं ते दैनिक कधीच बंद पडलंय, म्हणून नाव सांगत नाही. रणनवरे सर त्याच्या रविवार पुरवणीचे प्रमुख, आणि पुरवणीच्या शेवटच्या पानावर येणाऱ्या 'नादवीर' या चित्रकथेचे लेखकही तेच. चित्रं माझी. नादवीर दिवसा शाळेत गाणं शिकवायचा आणि संकट आलं की अशी आरोळी ठोकायचा की भिंती कोसळायच्या, तुरुंगाचे गज वाकायचे. दर रविवारी आठ चौकटी. पुरवणी घरात आली की पोरं पहिली मागच्या पानावर तुटून पडायची, हे खरं.

पण सरांनी उभी हयात आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहिल्या होत्या. रेडिओवर दार उघडलं तरी कुणीतरी "अरे, दार उघडलं!" असं म्हणावं लागतं. सरांनी ती सवय जशीच्या तशी माझ्या चित्रांवर आणून ओतली. मी नादवीराला मनोऱ्यावरून उडी मारताना काढायची. वर पट्टीत सर लिहायचे, 'इतक्यात नादवीराने मनोऱ्यावरून उडी घेतली!' नादवीराच्या तोंडाजवळच्या फुग्यात, 'ही मी उडी घेतली!' आणि खाली उभा असलेला गुंड म्हणायचा, 'अरे, याने तर उडी घेतली!' तीन वेळा उडी, माझ्या चित्रातली धरून चौथी. एवढ्या सगळ्या मजकुरात ती उडी दिसायला जागाच उरायची नाही. एकदा मी दोन दिवस खपून गड काढला, तटबंदी, बुरूज, झाडी सगळं. सरांनी त्याच्यावर 'इकडे गडावर...' अशी पट्टी बसवली. बरोब्बर गडावर! लोकांना वाटलं असेल, ही बाई नुसत्या पायऱ्या काढते.

दोन वर्षं मी हे सहन केलं. एकशे चौथ्या भागानंतर मात्र माझ्यानं राहवलं नाही.

त्या भागात नादवीराच्या वैऱ्यानं, काळघुबडानं, गावकरी गुहेत कोंडले होते. नादवीरानं जीव खाऊन आरोळी ठोकली, डोंगर फाटला, माणसं वाचली. पण त्याची आई गुहेच्या तोंडाशीच होती. तिचे कान गेले. आता एकशे पाचव्या भागात तो घरी येतो आणि त्याला ते समजतं. गोष्ट झकास होती, सरांना तेवढं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण त्यांनी लिहून दिलेलं असं होतं : आई म्हणते, 'बाळा, तू काय बोलतोस? मला काहीच ऐकू येत नाही! हाय रे दैवा, मी बहिरी झाले!' नादवीर म्हणतो, 'काय? आई, तू बहिरी झालीस? हे मी काय करून बसलो!'

ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण बहिरा माणूस मी रोज बघत होते. माझे वडील, आप्पा. इचलकरंजीत एकतीस वर्षं यंत्रमागावर उभे राहिले. त्या खडखडाटानं कान गेले. पण आप्पा एकदाही म्हणाले नाहीत की मला ऐकू येत नाही. तीन वर्षं लपवलं. कुणी काही बोललं की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे, हसायचे आणि मान डोलवायचे. कुणी घरातली मयत सांगितली तरी हसून मान डोलवायचे. आई तेव्हा गेलेली होती, घरात आम्ही दोघंच, त्यामुळे मला ते उमगलं. दुसऱ्या कुणाला कितीतरी दिवस पत्ताच नव्हता.

आणि आप्पांना अक्षरओळखही नव्हती. शाळेची पायरी चढले नाहीत. कागदावर अंगठा. दर रविवारी माझं पान मांडीवर घेऊन बसायचे, चित्रावरून बोट फिरवायचे, फुगा आला की बोट थांबायचं. मग पेपर घडी घालून उशीखाली. काय लिहिलंय ते मला विचारायचे नाहीत आणि मला सांगता यायचं नाही. मी ओरडले तर सगळ्या गल्लीला ऐकू जायचं, आप्पांना सोडून. पोरगी दोन वर्षं कसलं काम करते हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. मला एक पान, फक्त एक, असं छापून हवं होतं की आप्पांना ते कुणाच्याही मदतीशिवाय वाचता येईल. बाकी नादवीर गेला खड्ड्यात.

हे मी सरांना सांगितलं नाही. बापाचे कान ऑफिसात टेबलावर मांडून दया मागायची मला चीड होती. मी चौकटींवरच भांडले.

"ही तिसरी चौकट आणि ही चौथी," सर पानावर पेन्सिल आपटत म्हणाले, "सारखीच आहे. तेच दार, तीच चूल, तीच आईची पाठ. जागा फुकट घालवलीस."

"सारखी नाही, सर. तव्यातली भाकरी बघा. तिसऱ्या चौकटीत ती टाकलीय, चौथीत उलटलीय. भाकरी भाजायला वेळ लागतो. तेवढा वेळ तो दारात उभा राहून हाका मारतोय आणि ती वळत नाहीय."

"मग लिहायचं की, 'नादवीर बराच वेळ उभा राहिला'."

"कशाला? भाकरी सांगतेय ना!"

"आणि इथे? तोंड उघडं आहे त्याचं. काय बोलतोय तो? रिकामा फुगासुद्धा नाही!"

"तिला ऐकू येत नाही, म्हणून आपल्यालाही येत नाही. हे पान तिच्या कानानं आहे, सर. पाचव्या चौकटीत त्याची सावली भाकरीवर पडते, तेव्हा ती दचकते. सहावीत वळते. सातवीत ती कुठं बघते ते बघा. त्याच्या डोळ्यांत नाही, ओठांकडे बघते. आणि आठवीत हसून मान डोलवते, आणि त्याला कळतं."

सरांनी पान जवळ ओढून आठवी चौकट पुन्हा बघितली. मला वाटलं, आला माणूस वाटेवर. कसलं काय!

"पोरं दहा सेकंदांत पान उलटतील."

"उलटू देत. परत येतील."

"आणि नाही कळलं तर?"

"कळेल. पोरं खुळी नाहीत. आपण त्यांना खुळं धरून चाललोय. एका चौकटीतून दुसरीत जाताना त्यांना जरा स्वतःचं डोकं चालवू द्या की. तुम्ही दर खेपेला 'इतक्यात' म्हणून हात धरून ओढत नेता!"

हे माझ्या तोंडून जरा जास्तच झालं. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तू मला लिहायला शिकवू नकोस. तीस वर्षं लिहितोय मी."

"रेडिओसाठी. इथं लोकांना डोळे आहेत!"

"कुमुद!"

"हे पान असंच छापा, सर. नाहीतर पुढचा भाग मी काढत नाही."

"धमकी देतेस?"

"हो."

सरांना चित्रकार दुसरा मिळाला असता, पण आठ दिवसांत नाही. त्यांनी पान उलटं केलं, लाल पेन्सिलीनं मागं 'मंजूर' लिहिलं, खाली सही ठोकली आणि पान माझ्याकडे जवळजवळ फेकलंच.

"वर नाव माझं आहे, हे लक्षात ठेव. शिव्यांची पत्रं आली की तू वाच बसून."

आणि ते गडहिंग्लजला निघून गेले, कुठल्याशा शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून.

मी पान घेऊन खाली मिठारी अण्णांकडे गेले. शिवराम मिठारी आमच्या पेस्टिंगचे मुख्य. पुरवणीची पानं जुळवणं, मजकुराच्या पट्ट्या कापून चिकटवणं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. मी पान त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"अण्णा, या पानाला मजकूर नाही बरं का."

"बरं."

"नक्की ना? लक्षात राहील?"

"ताई, वीस वर्षं चिकटवतोय. जावा तुम्ही निवांत."

आणि मी निवांत गेले! आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रविवारी सकाळी इचलकरंजीत आमच्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर पेपर घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या मागचं पान उघडलं. आठही चौकटी स्वच्छ. एक अक्षर नाही. भाकरी दिसत होती, सावली दिसत होती. माझ्या छातीत इतकं भरून आलं की पानपट्टीवाल्याला म्हणणार होते, बघ रे, मी काढलंय. तेवढ्यात नजर खाली गेली. शेवटच्या चौकटीखाली, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठळक काळ्या टायपात एक ओळ होती :

'तांत्रिक अडचणीमुळे या भागातील मजकूर छापता आला नाही. वाचकांनी क्षमा करावी.'

मी ती ओळ तीनदा वाचली. मग घरी जाऊन पेपर आप्पांच्या कॉटवर भिरकावला, पायात चपला तशाच, आणि स्टँडवर जाऊन कोल्हापूरची एसटी धरली.

मिठारी अण्णा घरी दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले.

"अण्णा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"ही ओळ! कुणी सांगितली होती घालायला?"

"कुणी सांगाय कशाला पाहिजे? मजकूर आला न्हाई, तर क्षमा नको मागाय?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, मजकूर नाही म्हणून!"

"तेच की!" अण्णांचाही आवाज चढला. "तुम्ही म्हणालात, मजकूर नाही. म्हंजे आला न्हाई अजून. रोज धा पानांना असंच म्हणत्यात सगळे, अण्णा मजकूर नाही. मी वाट बघतो. शनिवारी चारपर्यंत थांबलो. वर माणूस धाडला, तर सर गडहिंग्लजला. तुमचा पत्ता न्हाई. रिकामं पान सोडू मी? माझी काय अब्रू हाय का न्हाई?"

"अहो, पण पानाच्या मागं सरांची सही होती! मंजूर लिहिलं होतं लाल पेन्सिलीनं!"

"पानाच्या मागं कोण बघतंय, ताई? मागं डिंक लावत्यात."

 'मजकूर लागणार नाही,' एवढं मी म्हणाले असते तर काम झालं असतं. एका शब्दाचा फरक. आणि अण्णा वर म्हणतात कसे, "पर ओळ कशी सरळ बसलीया बघा. पट्टीनं मोजून लावलीया."

तिथून तरातरा सरांच्या घरी. सर झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते आणि चक्क खुशीत होते.

"ये. सकाळपासून चार फोन आले. मजकूर कुठाय म्हणून विचारतात. बोललो होतो ना मी?"

"खाली तशी ओळ घातल्यावर विचारणारच! ती ओळ नसती तर कुणी विचारलं नसतं!"

"असेल. आता झालं ते झालं. पुढच्या रविवारी हेच पान घेऊ, मजकुरासकट. वाचकांची क्षमा मागितलीय, तर त्यांना मजकूर द्यायलाच हवा."

"तेच पान? माझ्या पानावर तुम्ही फुगे चिकटवणार?"

"माझ्या गोष्टीवर," सर शांतपणे म्हणाले.

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही. तुमच्या गोष्टीतली ती आई माणूस नाही, लाऊडस्पीकर आहे, असंही बोलले. शेवटी म्हणाले, मी नोकरी सोडते. सर म्हणाले, उद्या लेखी दे. मी फाटक असं आपटलं की शेजारची बाई खिडकीत आली.

एसटीत सगळी वाट राजीनामा मनात लिहीत होते. एकेक वाक्य असं धारदार की सरांना मिरच्या झोंबल्या पाहिजेत.

घरी पोचले तर आप्पा उंबऱ्यात बसले होते. मांडीवर मागचं पान. मी समोर उभी राहिले, सावली पेपरवर पडली, तशी त्यांनी वर बघितलं. बहिऱ्या माणसाचा आवाज त्याच्या ताब्यात नसतो. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ते म्हणाले, "कुमे, हिला ऐकू येत न्हाई!"

मी तिथंच त्यांच्या पुढ्यात खाली बसले.

"ह्यो पोरगा हाका मारतूया," त्यांचं बोट चौथ्या चौकटीवर होतं, "भाकर उलटून झाली तरी हिला पत्ता न्हाई. मग सावली बघून वळली. आन् आता हसतीया. तिला वाटतंय, कुणाला कळलं न्हाई." बोट आठव्या चौकटीवर आलं आणि तिथं थांबलं. "पर पोराला कळलंय."

मी मान हलवली.

आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. "तुला बी असंच कळलं व्हय, माझं?"

मी परत मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि पुन्हा पानाकडे वळले. मग बोट खाली, शेवटच्या चौकटीच्याही खाली गेलं. त्या ठळक काळ्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी ते सावकाश फिरवलं.

"आन् हे तुझं नाव, व्हय?"

आयुष्यात मी आप्पांशी खोटं बोलले नव्हते. मी मान हलवली.

"लई मोठं छापलंय गं!"

ते उठले, पायात चप्पल सरकवली आणि पान घेऊन गल्लीत निघाले. शेजारच्या म्हेत्र्यांच्या ओट्यावर, मग पिठाच्या गिरणीत, मग कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर. प्रत्येकाला पान दाखवायचे, त्या ओळीवर बोट ठेवायचे आणि गर्जून सांगायचे, "माझ्या कुमीचं नाव!" त्या सगळ्यांना वाचता येत होतं. मी आप्पांच्या मागं दोन पावलांवर उभी होते आणि प्रत्येकाकडे असं बघत होते की हसून तर दाखव, जीभ उपटून हातात देते. कुणी हसलं नाही. गिरणीवाल्यानं ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं आणि आप्पांना दोन्ही हात जोडले.

सोमवारी सर राजीनाम्याची वाट बघतच बसले होते.

"आणलास?"

"नाही. तेच पान पुन्हा घ्या. मजकूर घाला, पाहिजे तेवढा घाला. मी काही बोलणार नाही."

सरांनी चष्मा काढला. "एकाएकी शहाणपण कसं सुचलं?"

"एक अट आहे. खाली माझं नाव पाहिजे. ती क्षमेची ओळ होती ना, त्याच जागी, त्याच टायपात, तेवढीच लांब. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि दर रविवारी."

"तेवढी लांब? तुझं नाव काय एवढं आहे का?"

"मी लिहून आणलंय." मी कागद पुढं केला. 'या चित्रकथेतील सर्व चित्रे काढणार : कुमारी कुमुद बाळकृष्ण मकोटे, मुक्काम इचलकरंजी.' रात्री फूटपट्टी घेऊन मी अक्षरं जमवली होती.

"हे भलतंच दिसेल, कुमुद. हौशी वाटेल. नुसतं 'चित्रे : कुमुद मकोटे' घालू."

"नाही. तेवढीच लांब. एक अक्षर कमी झालं तर मी आत्ता जाते."

कारण सांग म्हणाले. मी नाही सांगितलं. शेवटी वैतागून त्यांनी तो कागद मिठारी अण्णांकडे पाठवला.

पुढच्या रविवारी पेपर आला. सरांनी सगळी हौस भागवून घेतली होती. दारावर 'इकडे घरी...', भाकरीवर 'इतक्यात', आणि आईच्या तोंडाजवळ एवढा मोठा फुगा की तिचं कपाळ आणि एक डोळा त्याखाली गेला होता. खाली माझ्या नावाची ओळ. अण्णांनी पट्टीनं मोजूनच लावली होती.

आप्पांनी पहिल्यांदा ओळ बघितली. बोट फिरवलं, पुरी भरली, खूश झाले. मग वर चित्राकडे गेले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एका फुग्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"ही बाई बोलतीया का गं एवढं?" ते ओरडून म्हणाले. "अगं, मागल्या रविवारचं किती झ्याक होतं! कुणी नासलं हे?"

ते माझ्या ओठांकडे बघत उत्तराची वाट पाहत होते.

मी त्यांचं बोट धरलं आणि खाली माझ्या नावावर नेऊन ठेवलं.